२८ आठवड्यांना जन्मलेल्या बाळाचा हालचालींचा व्हिडिओ: कधी आणि कसा घ्यावा?

प्रश्न: जनरल मूव्हमेंट्स तपासणीसाठी (बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली पाहून मेंदूच्या स्थितीचा अंदाज घेणारी तपासणी) घरून व्हिडिओ मागवायचा आहे. जन्मापासून १४ आठवडे झालेत. आत्ताचा चालेल का?

उत्तर १: नाही, घाई होतेय. वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. बाळ १२ आठवडे आधी आलंय, म्हणजे सुधारित वय जेमतेम २ आठवडे. या वयात अंग पिळल्यासारख्या, संथ 'रायदिंग' हालचाली दिसतात. मान, धड, हातपाय यांत सतत होणारी बारीक, गोलसर 'फिजेटी' चुळबुळ सुधारित वयाच्या साधारण ९ ते २० आठवड्यांत असते. १२ ते १६ च्या दरम्यानचा व्हिडिओ उत्तम.

उत्तर २: बाळ उताणं, जागं, शांत हवं. हातपाय उघडे, मनगटं आणि घोटे दिसलेच पाहिजेत. चोखणी, खेळणी, बोलणं काही नको. कॅमेरा वरून, स्थिर. ३ ते ५ मिनिटं पुरे. रडण्यामुळे व्हिडिओ वाया जातो: रडताना फिजेटी दिसत नाहीत आणि उगाच 'अनुपस्थित' असा शेरा पडतो.

उत्तर ३: आत्ताचा व्हिडिओही निरुपयोगी नाही हं. हातपाय आणि धड एकदम ताठ होऊन एकदमच सैल पडत असतील आणि हे पुन्हापुन्हा दिसत असेल, तर मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याला (चेतातंतूंच्या भागाला) इजा झाल्याची शंका घ्या. नुसत्या एकसुरी हालचाली मात्र अकाली बाळांत बऱ्याचदा दिसतात, त्यावरून भाकीत करू नका. पुढे फिजेटी आल्याच नाहीत, तर एमआरआय आणि हाइन तपासणीसोबत (बाळाच्या मज्जासंस्थेची प्रत्यक्ष तपासणी) अर्थ लावा. फिजिओथेरपी निदानासाठी थांबवू नका.