करारात ‘स्वतंत्र कंत्राटदार’, प्रत्यक्षात नोकरी : कॅलिफोर्नियात दाद कोठे मागावी?

प्रश्न
मी कॅलिफोर्नियातील एका अकाउंटिंग कंपनीत छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिण्याचे काम तासाच्या दराने करते. संगणक कंपनीचा आहे, कामाच्या वेळा कंपनी ठरवते, रजेसाठी मॅनेजरची परवानगी लागते आणि बाहेरचे काम घेण्यास मनाई आहे. तरीही वर्षअखेरीस नोकरदारांना मिळणाऱ्या डब्ल्यू-२ या करपत्रकाऐवजी कंत्राटदारांचा १०९९ हाती पडतो. ओव्हरटाइम मिळत नाही आणि विचारले की ‘तुम्ही कंत्राटदार म्हणून सही केली आहे’ एवढेच ऐकून घ्यावे लागते. अशा प्रकरणांत सरकार खरोखर कारवाई करते का?

प्रतिसाद १
करते, पण कोणीतरी दार ठोठावल्यावर. सहीने हा प्रश्न निकालात निघत नाही, कारण कागदावरच्या नावापेक्षा काम प्रत्यक्षात कोणाच्या हुकमतीखाली चालते हेच पाहिले जाते.

कराच्या बाजूने आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याकडे, आपण नोकरदार की कंत्राटदार हे ठरवून मागणारा एसएस-८ हा अर्ज करता येतो. त्याला शुल्क नाही. मात्र निर्णयाला सहा महिने तरी लागतात आणि कंपनीकडेही विचारणा होते, त्यामुळे गुपचूप काही होईल अशी अपेक्षा ठेवू नये. दरम्यान विवरणपत्रासोबत फॉर्म ८९१९ जोडल्यास १५.३ टक्क्यांच्या स्वयंरोजगार कराऐवजी सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा केवळ आपल्या वाट्याचा ७.६५ टक्के कर भरावा लागतो. त्यातील कारणाच्या रकान्यात ‘जी’ हे अक्षर लिहायचे. त्याचा अर्थ एसएस-८ दाखल केला असून उत्तर आलेले नाही. अर्ज न करताच ते अक्षर लिहू नये.

प्रतिसाद २
कॅलिफोर्नियात राहत असल्याने राज्याचा कायदा आपल्या अधिक कामाचा आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या डायनामेक्स निकालानंतर आणि १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या एबी-५ या कायद्यामुळे येथे ‘एबीसी’ कसोटी लावली जाते. कंत्राटदार ठरण्यासाठी तिच्या तीन अटी : काम करणारी व्यक्ती कंपनीच्या नियंत्रणाबाहेर असावी, काम कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाबाहेरचे असावे आणि त्या व्यक्तीचा त्याच प्रकारचा स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय असावा. तिन्ही अटी पूर्ण होतात हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. हिशेब लिहिणे हाच ज्या कंपनीचा धंदा, तिला हिशेब लिहिणाऱ्या व्यक्तीबाबत दुसऱ्या अटीवरच उत्तर देणे कठीण जाईल. राज्याचा परवाना असलेल्या अकाउंटंटना या कसोटीतून सूट मिळू शकते. आपल्याकडे तो परवाना नसेल, तर त्या पळवाटेचा कंपनीला उपयोग नाही.

थकलेल्या ओव्हरटाइमसाठी राज्याच्या लेबर कमिशनरकडे (कामगार आयुक्तांकडे) दावा करता येतो आणि त्यासाठी वकील लागत नाही. जाणूनबुजून चुकीचे वर्गीकरण केल्याचे ठरले, तर प्रत्येक उल्लंघनामागे ५,००० ते १५,००० डॉलर आणि तो कंपनीचा शिरस्ताच असल्यास २५,००० डॉलरपर्यंत दंड होतो.

प्रतिसाद ३
केंद्रीय श्रम खात्यावर मी फारशी भिस्त ठेवणार नाही. किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा केंद्रीय कायदा १९३८ चाच आहे, पण अर्थ सरकारागणिक बदलतो : २०२४ मध्ये नोकरदार की कंत्राटदार हे ठरवण्यासाठी सहा निकषांचा नियम आला आणि मे २०२५ मध्ये तपासणी करताना तो न वापरण्याच्या सूचना अधिकाऱ्यांना मिळाल्या.

प्रश्नकर्ती
तक्रारीनंतर कामावरून काढले तर?

प्रतिसाद २
तसे करणे बेकायदेशीर आहे. २०२४ पासून राज्याच्या कायद्यानुसार, तक्रारीनंतर ९० दिवसांच्या आत कारवाई झाल्यास ती सूडबुद्धीने केली असे प्रथमदर्शनी गृहीत धरले जाते आणि वेगळे कारण दाखवण्याचा भार कंपनीवर येतो. मात्र तक्रारीची तारीख सिद्ध करता यायला हवी, म्हणून ती लेखीच करावी. कामाच्या तासांची रोजची नोंद आणि वेळा ठरवून देणारे ईमेल आपल्याकडे आजच जपून ठेवावेत, कारण संगणक कंपनीचा असल्याने तो परत गेला की पुरावाही जाईल. ओव्हरटाइमचा दावा साधारणपणे मागील तीन वर्षांपुरताच चालतो, त्यामुळे उशिराच्या प्रत्येक महिन्यागणिक मागचा एक महिना हातचा जातो.