टेबलावरचे छोटे स्पीकर: २.१ (दोन डबे अधिक खालच्या सुरांचा वेगळा वूफर) घेऊ की नुसते दोन?

तंबोरा_डोंबिवली
नमस्कार मंडळी, लॅपटॉपच्या स्पीकरवर भीमसेन, मल्लिकार्जुन मन्सूर ऐकून वैताग आलाय, तंबोरा म्हणजे नुसता डास गुणगुणल्यासारखा वाटतो आणि डग्गा तर गायबच. बजेट दहा हजार, थोडं वरखाली चालेल. खोली १० बाय ११, टेबल भिंतीला चिकटलेलं, हलवायला जागा नाही. डोक्यात तीन आहेत, क्रिएटिव्ह पेबल, लॉजिटेक झेड३१३ आणि एडिफायर आर१२८०टी. दुकानदार म्हणतो वूफर पाहिजेच हो, त्याशिवाय मजा नाही, आणि त्याने एक लोकल सेट पुढे केला त्यावर २००० वॉट पीएमपीओ लिहिलंय. बायको म्हणते टेबलाखाली डबा आला तर मी पाय कुठे ठेवू. ९०% शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, उरलेलं सिनेमे. काय घेऊ?

पेठकर
तो २००० वाला खोका बघून हसून पुढे जा. पीएमपीओ म्हणजे काय ते मोजायची कुठली ठरलेली पद्धतच नाही, ज्याला जो आकडा सुंदर दिसतो तो तो छापतो. आमच्या पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पूर्वी यापेक्षा मोठे आकडे बघितलेत. आरएमएस बघा फक्त, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ती ताकद. झेड३१३ वूफर धरून २५ वॉट आरएमएस, आर१२८०टी ४२, आणि पेबल जेमतेम ४.४ वॉट. आता तुम्हाला वाटेल ४.४ म्हणजे काहीच नाही, तर तसंही नाही, वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि तुम्ही बसणार हातभर अंतरावर. त्यामुळे तुमच्या खोलीत वॉट हा मुद्दा नाहीच, कोन (आवाज काढणारा गोल पडदा) केवढा आहे आणि डबा कसला आहे हा मुद्दा आहे.

खर्जप्रेमी
शास्त्रीय ऐकणार असाल तर या बजेटमधला २.१ घेऊच नका, माझं मत ठाम आहे. कारण सांगतो. पुरुष गायकाचा सा काळी एक धरा, म्हणजे साधारण १३८ हर्ट्झ. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा तिथे आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९. आता स्वस्त २.१ मधले वरचे दोन डबे इवलेसे असतात, दीड-दोनशे हर्ट्झच्या खाली त्यांना झेपत नाही, म्हणून त्याखालचं सगळं वूफरकडे ढकललेलं असतं. म्हणजे बुवा मध्य सप्तकात समोरून गातात आणि मंद्रात उतरले की टेबलाखालून!! खरा सबवूफर ८० हर्ट्झच्या आसपास तोडतात, म्हणजे त्यावरचं त्याला देतच नाहीत, कारण तिथे आवाज कुठून येतोय ते कानाला नीट कळत नाही, दीडशेला मात्र कळतं. शिवाय तो डबा एकाच सुरावर घुमतो, डग्ग्यावर हात घासून जी मींड काढतात ती ऐकू येत नाही, नुसतं धुम् धुम्.
आर१२८०टी मध्ये ४ इंची कोन आहे आणि एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडाच्या भुशाचा डबा आहे, अख्खा आवाज एकाच जागेवरून येतो. मी तोच घेईन.

सोनचाफा७
@खर्जप्रेमी एक शंका. पेबलमध्ये तर सव्वादोन इंची कोन आहे, मग त्यावर खर्जाची तार ऐकूच यायला नको ना? माझ्याकडे पेबल आहे आणि मला तर येते.

खर्जप्रेमी
चांगलं विचारलंत. तुम्हाला येतो तो खर्ज तुमच्या मेंदूने बनवलेला असतो. ६९ हर्ट्झची तार छेडली की १३८, २०७, २७६ असे वरचे स्वरांशही वाजतात, आणि तार झणकारावी म्हणून घोडीवर जवारी लावलेली असते ती यांच्यासाठीच. मूळ ६९ स्पीकरने गाळलं तरी वरची सगळी रांग ऐकून कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून पेबलवर तंबोरा ओळखू येतो, बरा वाटतो, पण त्याचं जे वजन असतं छातीवर येणारं ते नाही. डग्ग्याला ही सोय तेवढी मिळत नाही, तिथे फरक लगेच कळतो. बाकी पेबल त्या पैशात छानच आहे हां, आणि कोन ४५ अंशात वर वळवलेले आहेत ही अक्कल मोठ्या मोठ्या कंपन्यांना सुचत नाही.

रात्रपाळी
सगळे तंबोऱ्यात अडकले, सिनेमा कोण बघणार? मारामारी आणि गेमिंगला २.१ च मजा देतो, झेड३१३ माझ्या मित्राकडे आहे, झकास आहे. पण ९०% शास्त्रीय म्हणताय तर जाऊ दे.

सोल्डरगन
स्पीकर कुठलाही घ्या, अर्धा आवाज टेबल ठरवतं. तुमचं टेबल भिंतीला चिकटलंय, त्यामुळे बास आपोआप फुगणार. प्रिसोनस इरिस ३.५ पण लोक सुचवतील, छान आहे तो, पण त्याचं बासची हवा बाहेर पडायचं भोक मागे आहे, भिंतीला लावून ठेवलात तर गुमगुम करेल, थोडं पुढे ओढावं लागेल आणि मागचं लो बटण खाली करावं लागेल. आर१२८०टी चं भोक पुढे आहे, तुमच्या जागेला ते सोयीचं, आणि बास-ट्रेबलच्या खुंट्या बाजूलाच आहेत, बास थोडा कमी करून टाका. दोन्ही डबे खालून थोडे वर कलते ठेवा, ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) कानाकडे आला पाहिजे, नाहीतर आवाज आधी टेबलावर आपटतो मग तुमच्याकडे येतो आणि गायकाचा आवाज पोकळ लागतो. दोघांमधलं अंतर आणि तुमचं अंतर साधारण सारखं ठेवा, म्हणजे गायक बरोब्बर मॉनिटरच्या मधोमध बसतो.
आणि हो, घरी लावल्यावर हम् आवाज आला तर लगेच परत करायला धावू नका. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. हम् गेला तर भानगड अर्थिंगची आहे, स्पीकरची नाही, मधे ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे अर्थिंगचा फेरा तोडणारी छोटी डबी लावली की काम होतं.

तंबोरा_डोंबिवली
वा, आभार सगळ्यांचे. म्हणजे आर१२८०टी नक्की. दुकानात ऐकून घेऊ का सरळ मागवू?

पेठकर
ऐकायला मिळत असेल तर ऐकाच, पण त्याचं डेमो गाणं नको, तुमचं पाठ असलेलं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर न्या, विलंबित ख्याल असेल तर उत्तम. आणि दोन सेट लावले की आवाज सारखा करायला सांगा. जो जरा मोठ्याने वाजतो तो कानाला नेहमी चांगलाच वाटतो, कमी आवाजात बास आपल्याला कमीच ऐकू येतो म्हणून. जो खपवायचाय तो दुकानदार दोन काटे वर ठेवतोच.

सोनचाफा७
आणि आर१२८०टी चा डबा साडेतेवीस सेंमी उंच आहे, मॉनिटरच्या दोन्ही बाजूला जागा मोजून मग जा :)