प्रति: पिक लाइन की पोर्ट?
पोर्ट (औषधं द्यायला कातडीखाली बसवलेली छोटी डबी, तिची नळी मोठ्या शिरेत जाते) बसवला की इन्फेक्शनची कटकट संपली असं वर कोणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. कातडीखाली असल्यामुळे पिक लाइनपेक्षा (दंडातून शिरेत घातलेली, टोक बाहेर राहणारी नळी) धोका कमी, आंघोळीचंही टेन्शन नाही, मान्य. पण भाचीला (ए.एल.एल., एक प्रकारचा ब्लड कॅन्सर) पोर्ट फ्लश केल्यावर, म्हणजे सिरिंजने सलाइन सोडून नळी धुतल्यावर, थोड्याच वेळात हुडहुडी भरली, दात वाजायला लागले आणि ताप मागाहून चढला. सिस्टरनी लगेच ओळखलं, नळीत बसलेले जंतू फ्लशबरोबर रक्तात जातात म्हणून असं होतं, मग पोर्टमधून आणि हातातून दोन्हीकडून ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) घेऊन लगेच अँटिबायोटिक सुरू. त्यामुळे 100.4 ताप किंवा फ्लशनंतर थंडी वाजली तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, पांढऱ्या पेशींचा काउंट कमी असताना तर नाहीच. आणि हो, फ्लशला 10 एमएलचीच सिरिंज, छोटीने प्रेशर जास्त येऊन नळी फाटू शकते.