स्मृती आणि 'मी'

आठवणी म्हणजेच 'मी', त्या पुसल्या की माणूसही संपला, असे एक मत मांडले जाते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत मांडलेले मत याच्या जवळचे आहे. त्यातील अडचण स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडने १७८५ साली दाखवली: वृद्ध सेनापतीला तरुणपणचा पराक्रम आठवतो, त्या तरुण अधिकाऱ्याला बालपणी खाल्लेला मार आठवत होता, परंतु सेनापतीला तो मार आठवत नाही; मग सेनापती म्हणजे तो मुलगा आहेही आणि नाहीही, असे मानावे लागते.

मला 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातील बौद्ध भिक्खू नागसेनाचे उत्तर अधिक पटते. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच का, असे विचारून तो मिलिंद राजाला सांगतो की माणूस तोच नसतो आणि दुसराही नसतो.

तरीही यात एक बाजू सुटते. आपल्याकडे स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला स्वतःचे नाव सांगता येत नसले, तरी तिने पूर्वी लेकीला दिलेला शब्द पाळणे घरच्यांना बंधनकारक वाटते, आणि हे बंधन तिच्या स्मृतीवर नव्हे, तर इतरांनी जपलेल्या नात्यावर उभे असते.