‘मूनलाइट’चा नायक इतका अबोल का? सांगलीतल्या आमच्या बैठकीत निघालेले दोन आक्षेप

विश्रामबागकर

सप्रेम नमस्कार. सांगलीत आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा कोणा एकाच्या घरी जमून चित्रपट पाहतो आणि त्यावर मोकळेपणाने बोलतो. या वेळी बॅरी जेन्किन्स यांचा २०१६ सालचा ‘मूनलाइट’ पाहिला. मायामी शहरातल्या लिबर्टी सिटी या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत वाढणारा शायरोन आपल्याला बालपणी, किशोरवयात आणि तरुणपणी अशा तीन टप्प्यांत भेटतो, आणि आपण समलिंगी आहोत हे त्याला उमगत जाण्याची ही कथा आहे. मला चित्रपट फार भिडला, परंतु बैठकीत दोन आक्षेप निघाले आणि त्यांचे समाधान मला करता आले नाही. पहिला असा की नायक जवळजवळ बोलतच नाही, त्यामुळे त्याच्या मनात काय चालले आहे हे प्रेक्षकाने नुसते अंदाजाने ओळखायचे. दुसरा असा की दुसऱ्या भागातला काटकुळा, खाली मान घालून चालणारा मुलगा तिसऱ्या भागात एकदम पिळदार शरीराचा, दातांवर सोन्याचे आवरण चढवलेला अमली पदार्थांचा विक्रेता होतो, हे पटत नाही.

पुढच्या बैठकीला ज्यांची मुले कॉलेजात आहेत अशा आईवडिलांना बोलावून याच विषयावरचा चित्रपट दाखवावा, असे आमच्यापैकी काहींचे मत आहे. त्यांना ‘मूनलाइट’ दाखवावा की मराठी ‘साबर बोंडं’? जाणकारांनी सांगावे.

कराडकर, सध्या पुणे

मी स्वतः समलिंगी आहे आणि माझे सगळे शिक्षण सातारा जिल्ह्यात झाले, म्हणून दोन्ही आक्षेपांबद्दल जरा सविस्तर लिहितो.

शायरोन गप्प आहे, कारण बोलणे त्याला परवडत नाही. त्याने स्वतःला ओळखण्याआधी वर्गातल्या मुलांनी त्याच्या चालण्यावरून त्याला हेरलेले असते, आणि आपण जे बोलू, ज्याच्याकडे पाहू, ते सगळे आपल्यावरच उलटणार आहे हे त्याला लहानपणीच कळून चुकलेले असते. अशा मुलाच्या गप्प बसण्यातून त्याच्या मनात काही नाही असा अर्थ काढू नये. तो दिवसभर स्वतःवर पहारा देत असतो. कोणाच्या शेजारी बसायचे, हसताना हात तोंडावर जातो आहे का, गॅदरिंगला नाचात नाव द्यायचे की नाही, एसटीत झोप आली तर मित्राच्या खांद्यावर डोके टेकलेले चालेल का, याचा विचार आपल्याकडच्या मुलालाही अष्टौप्रहर करावा लागतो. जेन्किन्स तो संवादांतून सांगत नाहीत. मानेतून, खांद्यांतून आणि नजर चुकवण्यातून दाखवतात. मारहाण झाल्यावर शाळेतल्या बाई शायरोनला मारणाऱ्यांची नावे विचारतात, तेव्हा तो रडतो पण नाव सांगत नाही. पहिला ठोसा मारायला ज्याला भाग पाडले गेले तो केविन असतो, आणि केविन हा त्याला प्रेमाने जवळ घेणारा एकमेव मुलगा असतो. या प्रसंगात त्याने आणखी काय बोलावे?

शरीर कमावण्याचे तर आपल्या भागातल्या माणसाला नवल वाटू नये. सातारा-सांगलीत तालमीत जाणारी बहुतेक मुले कुस्तीच्या ओढीनेच जातात. परंतु ‘पोरीसारखा चालतो’ हे ऐकणे बंद व्हावे म्हणून जोर-बैठका मारणारीही काही असतात, आणि मी त्यांच्यापैकी एक होतो. दंड भरलेल्या मुलाच्या चालीवर सहसा कोणी बोट ठेवत नाही. तिसऱ्या भागातल्या शायरोनने तर एक संपूर्ण माणूसच अंगावर चढवला आहे. लहानपणी त्याला जेवू घालणारा, समुद्रात पाठीवर तरंगायला शिकवणारा हुआन जसा दिसायचा तसाच तो दिसतो. गाडीच्या डॅशबोर्डवरचा मुकुटसुद्धा तोच. तरीही दिग्दर्शकाने धागा तुटू दिलेला नाही. मार खाऊन आलेला किशोर शायरोन बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवतो, आणि मोठा झालेला शायरोनही तसेच करतो. शेवटी केविनने रांधलेले जेवायला बसताना तो दातांवरचे सोने काढून ठेवतो. तिथे त्याचा चेहरा पाहा.

नाट्यवेडा, सांगली

कराडकरांच्या विवेचनाला थोडी जोड देतो. तीन वयांच्या भूमिका करणारे ॲलेक्स हिबर्ट, ॲश्टन सँडर्स आणि ट्रेव्हँटे ऱ्होड्स यांची चित्रीकरणाच्या काळात एकमेकांशी भेट होणार नाही याची जेन्किन्स यांनी काळजी घेतली होती, जेणेकरून कोणी कोणाची लकब उचलू नये. मूळ लेखन टॅरेल अल्विन मॅक्रेनी यांचे, आणि तेही रंगभूमीसाठी सुरू झालेले. जेन्किन्स आणि मॅक्रेनी दोघेही लिबर्टी सिटीतच वाढले आणि दोघांच्याही आई व्यसनाशी झुंजत होत्या, म्हणून वस्तीचे चित्रण बाहेरून डोकावून पाहिल्यासारखे वाटत नाही. अल्प खर्चात केलेल्या या स्वतंत्र चित्रपटाला २०१७ च्या समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. समलिंगी नायक केंद्रस्थानी असलेल्या चित्रपटाला तो मान प्रथमच मिळाला. मराठी प्रेक्षकाला हा विषय अगदीच परका आहे असेही समजू नये, कारण तेंडुलकरांचे समलिंगी मुलीवरचे नाटक ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्येच रंगमंचावर आले होते.

वाचक, कोरेगाव

कराडकरांचे लिहिणे मनाला लागले, परंतु शायरोनला इतक्या सहज आपल्या गावचा करून घेऊ नये असे मला वाटते. त्याच्या गप्प बसण्यामागे वर्ण आहे, गरिबी आहे आणि त्या वस्तीतला अमली पदार्थांचा धंदा आहे. हुआनच्या जेवणाच्या टेबलावर तो पोरगा थेट विचारतो की तुम्ही ड्रग्ज विकता का, आणि माझी आई ते घेते ना. ज्याने आसरा दिला त्याच्याच हातून आईचे व्यसन पोसले जात आहे, हे त्या मुलाला उमगते आणि हुआन मान खाली घालतो. माझ्या मते चित्रपटातला सर्वांत कठोर प्रसंग हाच आहे, आणि तो आपल्या तालमीत मावत नाही.

याच कारणाने आईवडिलांसाठी मी आधी ‘साबर बोंडं’ सुचवेन. ‘मूनलाइट’मधली आई पाहून आपल्याकडचे पालक मनाशी म्हणतील की विस्कटलेल्या घरात असे होते, आमचे घर तसे नाही. रोहन कानवडे यांच्या चित्रपटात ही पळवाट नाही. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, त्याच्याविषयी सर्व जाणून त्याच्या पाठीशी उभी असलेली आई, लग्नाचा विषय काढणारे नातेवाईक आणि स्वतःचे लग्न टाळत शेती करणारा बालमित्र बाळ्या, यांतले प्रत्येक माणूस आपल्या भावकीत आहे. पार्श्वसंगीतही नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात गेलेला हा पहिला मराठी चित्रपट, आणि तिथे त्याने जागतिक नाट्यविभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिकही मिळवले.

एक बाजू मात्र चर्चेत आवर्जून मांडावी. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, तरी आपल्या घरांत हा प्रश्न निकाली निघतो तो स्थळे येऊ लागली की. ‘एकदा लग्न झाले की होईल सगळे ठीक’ असे म्हणून ज्या मुलीला त्या घरात आणले जाते, तिला कोणीही काही विचारलेले नसते. मुलीच्या आईवडिलांनाही बैठकीस बोलवा.

विश्रामबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आधी ‘साबर बोंडं’ आणि नंतर इच्छुकांसाठी पुन्हा ‘मूनलाइट’, असे ठरवतो आहोत. चर्चा चालवताना काय सांभाळावे, हे कराडकरांनी कृपया सांगावे.

कराडकर, सध्या पुणे

चित्रपट मध्यंतर न घेता सलग दाखवावा आणि संपल्यावर लगेच चर्चेला बसू नये. चहा होऊ द्यावा. ‘आपल्या ओळखीत असे कोणी आहे का’ हा प्रश्न कोणीही विचारणार नाही, हे आधीच ठरवून घ्या. सांगलीसारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि असा एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या आईवडिलांच्या शेजारीच बसलेली असू शकते. त्यांना त्या क्षणी चेहरा सांभाळण्याची शिक्षा नको.

दुसरे, ‘यावर उपचार आहे का’ असे कोणीतरी विचारणारच. समलैंगिकता हा आजार नाही, असे इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच जाहीर केले आहे, आणि ती बदलून देण्याचे तथाकथित उपचार करणे हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. हे उत्तर तयार ठेवावे, आणि आपल्या मंडळात कोणी डॉक्टर असतील तर ते त्यांनीच द्यावे. आमच्याकडची वडीलधारी मंडळी त्यांचे अधिक ऐकतात.