विषय: गणपतीच्या जेवणाची भाजी ज्युनिपर गार्डन्सकडून घ्यायची का?

खाद्य समितीकडून

नमस्कार मंडळी,

गणपती अजून लांब आहेत, मान्य. पण भाजीचा विषय आत्ता काढला नाही तर ऑगस्टमध्ये काढून उपयोग नाही, कारण शेतकऱ्यांचं बियाणं थंडीतच ठरतं. यंदा इथे अमेरिकेत आपल्या मंडळाच्या महाप्रसादाची आणि ऋषिपंचमीची भाजी नदीपलीकडे कॅन्सस सिटी, कॅन्ससमधल्या ज्युनिपर गार्डन्सच्या शेतावरून घ्यावी असं समितीला वाटतं. तिथे ‘न्यू रूट्स फॉर रेफ्युजीज’ हा उपक्रम चालतो. म्यानमार, भूतान, सोमालिया, बुरुंडी, काँगो अशा ठिकाणांहून निर्वासित म्हणून आलेली माणसं, त्यातही बायका जास्त, तिथे भाजी पिकवून विकतात. मतं कळवा.

लेनेक्साहून काका

चांगला विचार आहे. पण मी म्हणतो, सरळ देणगी द्या ना! शिवाय ब्लँकेटं, थंडीचे कोट, मुलांची पुस्तकं गोळा करू. भाजीचं म्हणाल तर इंडियन ग्रोसरीत भेंडीची पेटी निम्म्या भावात मिळते. तीनशे पानांचं जेवण आहे, दहा पानांचं नव्हे. आणि असल्या उपक्रमाला सोशल एंटरप्राइझ, म्हणजे समाजाच्या भल्यासाठी चालवलेला धंदा, म्हणतात म्हणे! ग्रँटवर चालतं ते दुकान कसलं?

खाद्य समितीकडून

काका, कोट गोळा कराच, नाही कोण म्हणतंय? पण तिथे भाजी पिकवणाऱ्या बाईला कोट नकोय, गिऱ्हाईक हवंय.

हा उपक्रम २००८ साली कॅथलिक चॅरिटीज आणि कल्टिव्हेट कॅन्सस सिटी या दोन संस्थांनी मिळून सुरू केला. सरकारी घरकुलांच्या वसाहतीला लागून जमीन आहे. प्रत्येक शेतकऱ्याला पाव एकर मिळतो. आपल्या हिशोबात दहा गुंठे! प्रशिक्षण चार वर्षांचं. पहिल्या वर्षी बियाणं, अवजारं यांचा बराचसा भार संस्था उचलते, मग दरवर्षी शेतकऱ्याच्या वाट्याचा खर्च वाढत जातो. हिवाळ्यात वर्ग असतात: इंग्रजी, हिशोब, कुठलं पीक कधी लावायचं, जुडीला भाव कसा ठरवायचा. चार वर्षांनी स्वतःची जागा बघून बाहेर पडायचं. शेती यांना शिकवावी लागत नाही. इथला फ्रॉस्ट (पीक गोठवणारी थंडी), इथलं गिऱ्हाईक आणि इथले कागद, एवढंच शिकायचं असतं.

ग्रँटचा मुद्दा बरोबर आहे. जमीन, पाणी, माल ठेवायची थंड खोली हे सगळं भाजीच्या पैशातून उभं राहिलेलं नाही, आणि दहा गुंठ्यांत घर चालतं असंही मी म्हणणार नाही. घरातलं दुसरं कुणीतरी गोदामात नाहीतर मांसाच्या कारखान्यात पाळीवर जातंच. पण विकलेल्या भाजीचा पैसा त्या बाईच्या हातात येतो, आणि काय लावायचं ते ती स्वतः ठरवते. गोदामात यातलं काय मिळतं? त्यात जानेवारी २०२५ पासून निर्वासितांना अमेरिकेत घेणं जवळजवळ थांबलं आहे. पुनर्वसनाच्या कामाचा पैसा किती निर्वासित येतात त्यावर मिळतो, त्यामुळे आता अशा शेतांना गिऱ्हाइकांवरच जास्त विसंबावं लागणार.

भावाबद्दल. सीझनच्या आधी पैसे भरायचे आणि मग आठवड्याला पिशवी घ्यायची, अशी सीएसएची (कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर) पद्धत तिथे आहे. आमच्याकडे सांगलीला लागणीच्या वेळी अडत्याकडून उचल घ्यायची, की मग माल त्याच्याच गाळ्यावर आणि तो म्हणेल त्या भावाला. इथे तीच उचल गिऱ्हाईक देतं, बिनव्याजी, आणि भाव आधी ठरलेला. गारपीट झाली तर पिशवी हलकी येते, ती मुकाट्याने घ्यायची. निम्म्या भावाच्या पेटीत ही जोखीम कुणाच्या डोक्यावर असते, ते तुम्हीच सांगा.

गेल्या उन्हाळ्यात शनिवारच्या बाजारात एका नेपाळी बोलणाऱ्या काकींच्या टेबलापाशी उभी होते. मोहरीच्या पाल्याची जुडी बांधताना त्या प्रत्येक जुडी हातावर तोलत होत्या, एखादी बारीक वाटली की रबर काढून दोन पानं आणखी घालत होत्या. सून कार्ड मशीन सांभाळत होती. माझ्या खांद्यावर आपल्या मंडळाची पिशवी. सुनेने त्यावरचं ‘गणपती बाप्पा मोरया’ मोठ्याने वाचलं आणि सासूला काहीतरी सांगितलं. त्यावर मला दोन मिरच्या फुकट मिळाल्या! १९९०च्या सुमारास भूतानने नेपाळीभाषकांना हुसकावलं. लाखभर माणसं पूर्व नेपाळात झापा आणि मोरंगच्या छावण्यांत पंधरा-वीस वर्षं राहिली, त्यातली बहुतेक पुढे इकडे आली. या काकी त्यांतल्याच.

ओव्हरलँड पार्कहून काकू

अगं, म्यानमारच्या बायकांकडे अंबाडी असते! मी दरवर्षी तिथूनच आणते, तुम्हाला सांगत नव्हते कारण संपते. लाल भोपळा, दोडका, चवळीच्या शेंगा, कारली हेही असतं. अळूचं मात्र विचारून घ्या, नसलं तर भोपळ्याच्या कोवळ्या वेलींवर भागवायला लागेल. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही. तिथे बैल नाही, पण टिलर, म्हणजे माती उकरायचं यंत्र, आहे. टिलर चालतो का, हे आता भटजींना विचारा.

खजिनदार

शास्त्रार्थ नंतर. मंडळाच्या नियमानुसार आगाऊ पूर्ण रक्कम देता येत नाही; ठराव करून फार तर निम्मी. दुसरं, एकाच शेतकऱ्यावर तीनशे पानांची भाजी टाकू नका, दहा गुंठ्यांत एका दिवशी तेवढी भेंडी निघणार नाही. आणि पावती लागेल.

खाद्य समितीकडून

निम्मी आगाऊ चालेल, बियाण्याच्या वेळी हातात पडली म्हणजे झालं. ऑर्डर पाच-सहा जणींत वाटू: भेंडी दोघींकडे, भोपळा एकीकडे, पाला ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडे. बटाटे, कांदे, टोमॅटो नेहमीच्या घाऊक दुकानातून, तिथे हट्ट नको. ज्यांना घरासाठी सीझनची पिशवी हवी त्यांनी स्वतःचे पैसे भरायचे, मंडळाचा त्यात संबंध नाही.

काका, तुमची व्हॅन मोठी आहे. आदल्या दिवशी सकाळी सातला शेतावरून भाजी उचलायची जबाबदारी तुमच्यावर टाकतेय. कोटही त्याच फेरीत न्या.

लेनेक्साहून काका

सात फार लवकर होतात. आठ. आणि अंबाडीची एक जुडी माझ्या नावाने बाजूला ठेवायला सांगा, काकूंच्या आधी.