शेअर्ड डेस्क: चार दिवस यायची सक्ती आणि बसायला जागा नाही, हे पटतं का?

खराडीकर:
आमच्या ऑफिसात पुढच्या महिन्यापासून कोणालाच ठरलेली जागा नाही. आदल्या दिवशी ॲपवर डेस्क बुक करायचा, संध्याकाळी सगळं उचलून लॉकरमध्ये टाकायचं आणि निघायचं. दहा माणसांमागे सहा डेस्क. दोन दिवस यायचं असतं तर मी चकार शब्द काढला नसता, पण इथे चार दिवस सक्तीचे आहेत, कार्ड कधी स्वाइप केलं त्याचा रिपोर्ट मॅनेजरकडे जातो. आता साधा हिशोब करा, दहा जण चार दिवस म्हणजे आठवड्याला ४० सीट लागणार, सहा डेस्क पाच दिवस म्हणजे ३०. उरलेल्यांनी काय कँटीनमध्ये बसायचं? माझा ठाम विरोध आहे.

फॅसिलिटीवाला_बाणेर:
ऑफिसमधल्या जागांची व्यवस्था बघणं हेच माझं काम, म्हणून लिहितोय. तुमचा हिशोब बरोबर आहे, तुमच्याकडे रेशो चुकलाय. पण म्हणून पद्धतच वाईट असं नाही हो. कोरोनानंतर हायब्रिड, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसात, आलं तेव्हापासून शुक्रवारी दुपारी कुठल्याही फ्लोअरवर चक्कर मारा, ओळीच्या ओळी रिकाम्या, एसी चालू, दिवे चालू आणि भाडं चौरस फुटावर लागतं, खुर्चीत कोणी बसलंय की नाही ते मालक बघत नाही. ते पैसे वाचले तर वाईट काय?

टेस्टर_ताई:
दादा, वाचलेले पैसे आमच्यापर्यंत येतात का ते सांगा आधी. मी हडपसरहून हिंजवडी फेज ३ ला येते, वाकडच्या पुलाखालून बस कधी सुटेल याचा नेम नाही, पोचेपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या. मग जी मिळेल तिथे खुर्ची आधीच्या उंच माणसाच्या मापाची, ती खाली करा, पाठीचा टेकू सरकवा, मॉनिटर खूप वर, टाइप-सीची केबल ढिली म्हणून दुसरा स्क्रीन लागत नाही, आयटीला तक्रारीचं तिकीट टाका, आणि तोवर टीमची साडेनऊची रोजची स्टँडअप मीटिंग सुरू झालेली असते. मला मणक्याचा त्रास आहे, डॉक्टरांनी खुर्ची नीट लावून दिली होती तशीच ठेवायला सांगितलंय. रोज नवीन खुर्ची म्हणजे रोज दुखणं.

नवीन_जॉइनी:
मला उलट आवडलं. आधी खिडकीजवळच्या जागा सिनियर लोकांच्या, आम्ही फ्रेशर्स प्रिंटरशेजारी नाहीतर वॉशरूमच्या दाराजवळ, वर्षभर तिथेच. आता मी लवकर येतो आणि खिडकीत बसतो, कोणी उठ म्हणत नाही. आणि दुसऱ्या टीमची माणसं शेजारी बसली म्हणून ओळखी झाल्या, नाहीतर कोण बोलतंय आपल्याशी.

वाकडवाली:
हा प्रयोग जुना आहे. अमेरिकेतल्या चियाट डे या जाहिरात कंपनीने लॉस एंजेलिसच्या ऑफिसात १९९४ च्या सुमारास सगळ्यांचे डेस्क काढून टाकले, सकाळी काउंटरवरून लॅपटॉप आणि फोन घ्यायचा आणि मिळेल तिथे बसायचं. मशीन पुरेनात, रांगा लागायच्या, काहींनी तर फायली गाडीच्या डिकीत ठेवायला सुरुवात केली. काही वर्षांत कंपनीने डेस्क परत दिले.

फॅसिलिटीवाला_बाणेर:
तेव्हा वाय-फाय नव्हतं आणि सगळं काम कागदावर होतं. आज प्रत्येकाचा लॅपटॉप स्वतःचा, फायली सर्व्हरवर. ते उदाहरण इथे लागू होत नाही.

वाकडवाली:
रांग लॅपटॉपची असो की खुर्चीची, कमी पडलं की रांग लागणारच ना. आणि आमच्या टीममध्ये एक जण कुबड्या वापरतो, त्याला लिफ्टजवळची जागा लागते. त्याने पण रोज ॲपवर नशीब आजमावायचं? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला जाहीर करावं लागतं, खासगी कंपन्यासुद्धा त्यात येतात. एचआरला हे लेखी विचारा.

फॅसिलिटीवाला_बाणेर:
ते शंभर टक्के मान्य. मेडिकल कारण असेल त्याला कायमची जागा द्यायलाच हवी, टेस्टर ताईंना पण. टीमला ठरावीक झोन आणि ठरावीक वार दिले की मंगळवार-बुधवारची गर्दी पण फुटते. एवढं केलं तर चालतं, मी चालताना बघितलंय.

नवीन_जॉइनी:
झोन केले तर परत सिनियर लोकच झोनमधली खिडकी धरून बसणार.

खराडीकर:
फॅसिलिटीवाले दादा, झोन, वार, मेडिकल जागा, यातलं आमच्या मेलमध्ये काहीच नाही. फक्त ॲपची लिंक आहे. आणि डिरेक्टर लोकांच्या केबिन जशाच्या तशा, त्या आठवड्यातले निम्मे दिवस बंद असतात, पण ॲपवर दिसत नाहीत. जागा वाया जाते म्हणून हे सगळं करताय तर आधी त्या केबिन ॲपवर टाका, मग माझा डेस्क घ्या. गुरुवारच्या टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये, मी ४० आणि ३० चा हिशोब आणि केबिन, दोन्ही विचारणार आहे. आमच्यापैकी कोणी इथे असेल तर हात वर करा, एकट्याने विचारलं की उत्तर मिळत नाही.

टेस्टर_ताई:
आमच्याकडे पण डिट्टो हेच. विचारा आणि काय म्हणाले ते इथे लिहा नक्की.